उजव्या बाजूचा बैल

जरा डोळ्यांपुढे आणा बरं... तुमच्या दावणीला एकच बैल आहे आणि तो जोडीत फक्त डाव्या बाजूला चालतो. उजवीकडे जुंपला की अडून बसतो. हरभऱ्याची पेरणी तोंडावर. आता एकच बैल असलेला दुसरा धनी गाठून सावड करायची. त्याचा एक, आपला एक, अशी जोडी लावून दोघांची शेतं पेरायची. पण त्याचा बैल उजव्या बाजूचा नको का?

शिरपूरच्या हरीओमचं नेमकं इथंच अडलं होतं. सावडीचे बैल शोधायची वेबसाइट वाशीमच्या वर्षाराणीने बनवलेली. हरीओम त्या वेबसाइटवर शोधायचा आणि दर वेळी उत्तर यायचं, ‘पान सापडलं नाही’. म्हणून भाची संस्कृतीला घेऊन तो आज पुन्हा वर्षाराणीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात हजर झाला.

वर्षाराणीने कपाळाला हात लावला. आधी गाव, मग रंग, मग बाजू. काही गाळायचं नाही, हे तिने त्याला कितीदा सांगितलं होतं.

“गाव कोनतंबी चालते मले,” हरीओम म्हणाला. “रंगाले काय करू? बाजू तेवढी उजवी पायजे.”

“मंग गावात कायबी टाका न.”

“खोटं कायले टाकू?”

ती चिडली... कारण त्याचंच बरोबर होतं. तिने पानाचा पत्ताच असा बांधला होता, की एकामागे एक तीन दारं. पहिलं उघडलं नाही तर तिसरं गाठताच येत नाही. धुसफुसत तिने कीबोर्ड ओढला. आता पत्त्यात एक प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढे प्रत्येक अट आपापलं नाव लावून येणार. कुठलीही आधी आली तरी चालेल, न सांगितलेली सोडून द्यायची.

त्याची नजर तिच्या बोटांवर होती. तिचा एक कंस टाकायचा राहिलाच.

“माह्याकडे नका पाहू. चूक होते.”

“बरं... बैलाकडे पाहतो,” म्हणत त्याने मोबाइलवर आपल्या बैलाचा फोटो उघडला. तिला हसू आवरलं नाही.

‘बाजू: उजवी’ एवढंच टाकलं आणि बैल सापडला. शेजारच्याच गावात, गोजराबाईंचा.

“झालं तुमचं काम,” ती म्हणाली. आता यायचं कारण उरलं नाही, हे मात्र तिच्याने बोलवेना.

हरीओम दारापर्यंत गेला... थांबला.

“उद्या काही बिघडवून ठेवा न. मी येतो.”

“वेबसाइट चालू असली तरी या,” वर्षाराणी वैतागूनच म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. बोलता बोलता ती दारात त्याच्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली होती.

संस्कृतीने दोघांकडे एकदा नीट पाहिलं. मग ती बाकावरून उतरली, वर्षाराणीचा हात धरला आणि तिला मामाच्या उजव्या बाजूला नेऊन उभं केलं.