भिंतीत पुरलेल्या खुंट्या

नानांचं घर मुकं झालं तेव्हा त्यात काहीही बिघडलेलं नव्हतं. एकही वायर तुटली नव्हती, कुठे जळका वास नव्हता, वीजही व्यवस्थित होती. बिघाड नसताना एखादी वस्तू बंद कशी पडते, हे कोडं मे महिन्याच्या सुट्टीत नानांकडे आलेल्या माहीनला पडलं. ते सोडवताना तिला फारसा आनंद झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पोट धरून हसवणारी गोष्ट हवी असेल तर ती दुसरीकडे शोधा.

माहीनचे नाना, म्हणजे तिच्या अम्मीचे वडील, मिरजेत राहत. दस्तगीर त्यांचं नाव. त्यांचे वडील तंबोरे बनवायचे. नाना मात्र शिकून ध्वनिशास्त्रज्ञ झाले. म्हातारपणी त्यांची नजर गेली. आता उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळत असे. तरी ते एकटे राहत, आपला चहा आपण करत आणि कुणाचा हात धरत नसत, कारण त्यांचं घर त्यांना वाट दाखवायचं.

ते असं. घरातल्या चार भिंतींत चार स्पीकर बसवलेले होते. तंबोऱ्याला चार तारा असतात, आणि प्रत्येक भिंतीतून एकच तार वाजायची. स्वयंपाकघरातून पहिली, पंचमाची. बैठकीतून आणि झोपायच्या खोलीतून मधल्या जोडीच्या दोन. दारालगतच्या भिंतीतून शेवटची, जाड खर्जाची. उजवीकडून आलेला आवाज आपल्या उजव्या कानात डाव्या कानाच्या किंचित आधी पोचतो, आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. नाना पंचमाकडे चालू लागले की चहाच्या ओट्यापाशी पोचायचे. या तारा नानीने वाजवलेल्या होत्या. नानांची नजर जाऊ लागली तेव्हा तिने एकेक तार वेगळी छेडून आवाज भरून ठेवले होते. पुढे नानी वारली. भिंतींतून मात्र ती रोज वाजत राहिली.

आणि एका सकाळी काहीच वाजलं नाही. नाना पलंगाशी हात पुढे करून कितीतरी वेळ उभे राहिले. मग अंदाजाने निघाले आणि दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून पडले.

माहीनने घाबरून पुण्याला अम्मीला फोन केला. अम्मीने सगळं ऐकून घेतलं. "रविवारी मी येते," ती म्हणाली. "अब्बांची बॅग भरून ठेव. इथल्या ज्येष्ठ निवासात खोली बघून ठेवलीय मी. आता त्यांना एकटं ठेवायचं नाही."

नानांनी ते ऐकलं. "तिथल्या भिंती मला ओळखत नाहीत," एवढंच म्हणाले, आणि कपाळाला ओला रुमाल लावून भिंतीकडे तोंड करून बसले.

ज्या कंपनीची यंत्रणा होती तिने एक सेवायंत्र पाठवलं. चाकांवर घरंगळत ते आत आलं, त्याने भिंतींवरून एक निळा प्रकाश फिरवला आणि ते गोड आवाजात म्हणालं, "अभिनंदन! आपल्या यंत्रणेत कोणताही बिघाड नाही."

"मग वाजत का नाही?" माहीनने विचारलं.

"ती जुनी झाली आहे. या प्रकारच्या पेट्यांना आम्ही आता सेवा देत नाही. भिंती फोडून नवी यंत्रणा बसवता येईल."

"आणि नानीचे आवाज?"

"ते आमच्याकडे साठवलेले होते. मुदत संपल्यावर काढून टाकले. तशी सूचना आपल्या पडद्यावर वेळोवेळी पाठवली होती."

"मला दिसत नाही," नाना म्हणाले.

"आपल्या अडचणीची नोंद घेतली आहे," सेवायंत्र म्हणालं, आणि आलं तसं घरंगळत निघून गेलं. त्याला शिव्या देऊन उपयोग नव्हता. माहीनने तरी दिल्याच.

संध्याकाळपर्यंत नाना बोलले नाहीत. माहीनने केलेला चहाही तसाच गार झाला. शेवटी तिने विचारलं, "नाना, स्पीकर म्हातारा होतो का हो?"

एवढ्या दुःखातही शास्त्रज्ञाला प्रश्न विचारला की तो गप्प राहू शकत नाही. "स्पीकर म्हणजे काय असतं सांग बघू," नाना म्हणाले. तिला सांगता येईना. "अगं, सोपं आहे. एक चुंबक, त्याच्याजवळ तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा पडदा. वेटोळ्यातून वीज गेली की तेही चुंबक होतं आणि पुढे-मागे हलतं. पडदा हलतो, पडद्यापुढची हवा हलते. हवेची ती थरथर कानात शिरली की आपण म्हणतो, आवाज आला. माझ्या आजोबांच्या रेडिओतही हेच होतं आणि आजच्या स्पीकरमध्येही हेच आहे. त्याला फक्त वीज कळते. ती कुणी पाठवली, कुठून पाठवली, त्याला काही देणंघेणं नाही."

"मग म्हातारं काय झालं?"

"स्पीकरच्या मागची पेटी. तिच्यात डिकोडर असतो (आकड्यांच्या सांकेतिक भाषेतून पुन्हा विजेची लहर तयार करणारा भाग). नानीचा आवाज कंपनीकडे आकड्यांच्या रूपात होता. पेटी रोज कंपनीच्या सर्व्हरला (दूर ठेवलेल्या, माहिती सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकाला) हाक मारायची, आकडे मागायची आणि उलगडायची. आता कंपनीने नवी सांकेतिक भाषा आणली. आपली पेटी अजून जुन्याच भाषेत हाका मारतेय, आणि पलीकडे ती भाषा समजणारं कुणी उरलेलं नाही."

भिंतीच्या आत बसून ती पेटी हाका मारत असेल आणि कुणी ओ देत नसेल, हे माहीनच्या डोळ्यांसमोरून जाईना.

"म्हणजे पेटी म्हातारी झाली आणि स्पीकर उगाचच गप्प बसलाय," ती म्हणाली. "मग पेटी बदलू या की!"

नाना खिन्न हसले. "पेटी भिंतीत आहे, पोरी. वरून गिलावा, वरून रंग. झाकण नाही, स्क्रू नाही. मी स्वतः उभं राहून बुजवून घेतली. आमचे अब्बा तंबोरा करताना म्हणायचे, सांधा दिसता कामा नये. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तिथे लाकडाची कोरीव पानं बसवून ते सांधा असा झाकायचे की बोट फिरवून कळू नये. मी म्हटलं, आपणही कारागिराचं पोर आहोत, आपल्या घरातही सांधा दिसणार नाही. बघायला येणारे भिंतीवर हात फिरवून वाहवा करायचे. काय फुशारलो होतो मी!"

कोपऱ्यात गवसणीत गुंडाळलेला नानीचा तंबोरा उभा होता. माहीनने गवसणी काढली. भोपळा जुना होऊन मधासारखा गडद झाला होता, पण कुठे तडा नव्हता. तारा मात्र गंजल्या होत्या. एक तर हात लावताच तुटली.

"हा कुणी केला?"

"अब्बांनी, माझ्या जन्माच्या आधी."

"आणि तारा?"

"तारा कशाला तेवढ्या टिकतील? कितीदा बदलल्या असतील. खुंटी पिळायची, जुनी काढायची, नवी चढवायची. भोपळा पिढ्यान्‌पिढ्या राहतो, तार लवकर जाते. म्हणून तर खुंट्या बाहेर..."

नाना मध्येच थांबले. माहीनच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं. बोलावं की नाही असं तिला वाटलं, पण ती बोललीच.

"नाना, तुम्ही खुंट्याही भिंतीत पुरल्यात."

मग नाना म्हणाले, "पुरल्या गं. अब्बांनी सांधा झाकला, पण खुंट्या उघड्या ठेवल्या. मी अर्धंच शिकलो. जे टिकतं आणि जे टिकत नाही, दोन्ही एकाच गिलाव्याखाली गाडलं." त्यांनी तंबोऱ्याच्या खुंट्यांवरून बोटं फिरवली. "आणि नानीचे आवाज तर स्वतःच्या घरातसुद्धा ठेवले नाहीत. परक्याच्या संदुकीत ठेवले."

माहीनला रडू आलं. पण रविवार जवळ येत होता, आणि बॅग अजून रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घराचं मुख्य बटण बंद केलं. नानांनी भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं. जिथे आवाज पोकळ आला तिथे माहीनने छिन्नी लावली. गिलाव्याचे ढलपे पडू लागले, धूळ नाकातोंडात गेली, इतकी सुंदर भिंत बघता बघता विद्रूप झाली. आत पेटी सापडली. पेटीतून दोन वायरी स्पीकरकडे गेल्या होत्या. माहीनने त्या कापून सोलल्या आणि घड्याळातला सेल काढून त्याची दोन टोकं वायरींना क्षणभर टेकवली.

टक्.

भिंतीतून आवाज आला. नुसता टक्, दुसरं काही नाही. पण नानांनी माहीनचा हात घट्ट धरला.

"परत कर."

टक्.

"जिवंत आहे," नाना म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, आणि कंटाळवाण्या कामाला वेळ लागतोच. चारही भिंती फोडल्या. म्हाताऱ्या पेट्या काढल्या. त्यांच्या जागी साधे ॲम्प्लिफायर (क्षीण विजेची लहर मोठी करणारी यंत्रं) बसवले. त्यांना कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. त्यांच्यावर पत्र्याची झाकणं लावली आणि झाकणांना स्क्रू, सगळ्यांना दिसतील असे, बटबटीत. मग तंबोऱ्याला नव्या तारा चढवल्या. माहीनने एकेक तार छेडून चारही आवाज भरले आणि घरातल्याच कपाटात, एका साध्या प्लेअरच्या मेमरी कार्डावर ठेवले, आणि तिथून वायरी चारही ॲम्प्लिफायरकडे ओढल्या.

आवाज सुरू झाले. नाना ऐकत राहिले. माहीनची बोटं नवखी होती. एक तार घाईने वाजायची, एक मागे रेंगाळायची.

"नानीसारखं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही," नाना म्हणाले. खोटं बोलून समजूत घालण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. "ते गेलं. ते परत येत नाही."

रविवारी अम्मी आली आणि उंबऱ्यातच थबकली. "हे काय करून ठेवलंत घराचं, अब्बा?"

"बस, नसीम. चहा करतो."

"तुम्ही उठू नका!"

पण नाना उठले होते. अम्मी त्यांना धरायला धावली तेव्हा माहीन मध्ये आडवी उभी राहिली. नानांनी मान किंचित वळवली, कान दिला आणि चालू लागले. खुर्ची चुकवून, चौकट चुकवून ते निघाले. स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र ते अडखळले. त्यांचा हात हवेत चाचपडत राहिला. मग हाताला ओटा लागला.

अम्मी ऐकत उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "हे माझ्या अम्मीचं वाजवणं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"अम्मीचं सगळं गेलं?"

"गेलं."

अम्मी खाली जमिनीवर बसली आणि ओढणीत तोंड लपवून रडली. नानांनी चहा टाकला. कुणी तिला उगी राहा म्हटलं नाही. चहा उकळला, तेव्हा ती डोळे पुसून म्हणाली, "पंचम उतरलाय. म्हणून अडखळलात तुम्ही."

"मग लाव की. अम्मीने शिकवलंय ना तुला?"

अम्मीने तंबोरा मांडीवर घेतला. कान लावून तिने पहिली खुंटी हळूच पिळली. तार थोडी वर चढली, अजून थोडी, आणि मग सुरात येऊन थांबली.

"पावसाळ्यात परत उतरेल," ती म्हणाली.

"उतरेलच. आणि ही नवी यंत्रंही एक दिवस जुनी होतील. तोवर माहीन मोठी झालेली असेल. स्क्रू कुठे आहेत ते तिला माहीत आहे."

अम्मी चारही भिंतींवरच्या झाकणांकडे बघत राहिली. कोपऱ्यात अर्धवट भरलेली बॅग होती. तिच्यातले नानांचे दोन सदरे तिने काढले आणि पुन्हा कपाटात ठेवले.

"ती पहिली तार पुन्हा भरून घे गं," ती माहीनला म्हणाली.

माहीनने बटण दाबलं, आणि तार अम्मीने छेडली.