ताईंचं नाव

एक होता शिंपी, एक होती त्याची बायको, आणि पाळण्यात होती त्यांची पोर. शिंप्याची बायको म्हणजे मीच, तेव्हा यात ऐकीव काही नाही.

पोरीला सासूबाईंनी माझ्या गेलेल्या नणंदेचं नाव ठेवलं. अर्थ काय, तर दीर्घायुषी. आणि त्या बिचाऱ्या ऐन विशीत गेल्या. शिवणात हात असा सफाईदार, पण कात्री शेजारी असली तरी दोरा दातांनीच तोडायच्या.

आता थोरल्या नणंदेचं नाव मी कसं घेणार? अगंतुगंचीही सोय नाही. मग पाळण्याशी वाकून म्हणायचं, "ताई, उठा. दूध घ्या."

नवरा हसायचा. "नमस्कारही कर हवं तर."

पोर मात्र दूध घेईना, रडेना. पोक्त बाईसारखी टक लावून बघायची. दिवसेंदिवस वाळत चालली. डॉक्टरांना आजार सापडेना.

एका दुपारी घरात आम्ही दोघीच. उन्हानं पडदे पिवळे झालेले, सगळं घर पाण्याखाली असल्यासारखं. मी हाक मारली, "ताई... उठता ना?"

"आले गं," बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

पाठोपाठ ताईंचं शिलाई मशीन सुरू झालं. मऊ, एका लयीत. तेलाचा वास दारापर्यंत आला. भीती वाटली, पण खरं सांगते, गुंगीही येत होती. पोरीचे डोळे मिटत चालले होते. श्वास हळू... आणखी हळू...

तेव्हा उमगलं. मी बोलवत होते, म्हणून त्या येत होत्या.

"ताई," मी दाराकडे बघून म्हटलं, "तुमचं नाव तुमच्याकडेच राहू द्या. पोर तेवढी मला द्या..."

मशीन थांबलं.

मी पाळण्यात वाकले. "ए ठमे, ऊठ. भूक लागली ना तुला?"

अशी भोकाड पसरून रडली, की शेजारीण धावत आली. मग पोटभर प्यायली.

"ठमी? हे काय नाव झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"तिचं तिचं आहे," मी म्हटलं.

पुढे दुकान वाढलं, जुनं मशीन विकलं. ठमी अंगापिंडानं भरली, संसाराला लागली, आणि परवा तिला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. नाव अजून ठरायचंय. काल दुपारी ठमीनं विचारलं, "आई, हे झबलं कधी शिवलंस गं?"

मी शिवलं नव्हतं. हातात घेऊन पाहिलं. शिवण सुरेख. आणि दोऱ्याचं टोक अजून ओलं होतं.