मागे कुणी नाही

“अंगठ्याखालचा गॅस हळू दाब, आर्लो. एटीव्ही आहे ती, दाराची घंटा नाही,” सिग्ने मागून ओरडली. तोवर आर्लोची जाड चाकांची गाडी खड्ड्यातून उसळून पुढे गेलीही होती आणि सिग्नेच्या हेल्मेटवर लाल चिखलाचा सडा पडला होता.

शाळा उघडण्याआधीचा तो शेवटचा शनिवार. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये तेव्हा हा दिवस सगळ्या मुलांचा सारखाच जायचा. दव असतानाच घरून निघायचं, काउंटीच्या जंगलातल्या वाटांवर दिवसभर गाड्या पळवायच्या आणि संध्याकाळी हाडं खिळखिळी करून परतायचं. खिशात फोन नसायचे. दुपारी कुठे भेटायचं ते सकाळी ठरलं की ठरलं.

त्या दिवशी ओढ्याकाठच्या लाकडी निवाऱ्यात भेटायचं ठरलं होतं. तेरा वर्षांची सिग्ने हाउगन, तिचा बारा वर्षांचा भाऊ आर्लो आणि शेजारचा वेंडल कुझिन्स्की असे तिघं एका बाजूने येणार होते. बाबा, गॉर्डीकाका आणि एटीव्ही क्लबचे अध्यक्ष व्हर्न स्टोल्प लांबच्या वाटेने, दुसऱ्या बाजूने. विस्तवावर भाजायचे सॉसेज बाबांच्या डब्यात होते आणि ब्लूबेरीच्या वड्या सिग्नेच्या.

निवारा जवळ आला तसा समोरून इंजिनांचा आवाज आला. तिघांनी गाड्या उजवीकडे घेतल्या. वळणावरून गॉर्डीकाका दिसला. त्याने डावा हात वर करून एक बोट दाखवलं. त्याच्या मागे व्हर्न होते. त्यांनी मूठ वर केली.

जंगलातल्या वाटांना वळणं फार, म्हणून ही पद्धत पडली होती. पुढचा माणूस समोरच्याला बोटांनी सांगतो, माझ्या मागे इतके येताहेत. शेवटचा मूठ दाखवतो, माझ्या मागे कुणी नाही.

दोघं थांबले. काकाच्या तोंडाला बिअरचा वास येत होता.

“बाबा कुठं आहेत?” सिग्नेने विचारलं.

“येतोय मागनं. रुसलाय तुझा बाप. दारू सोडल्यापासून अगदी चर्चच्या शाळेतली मास्तरीण झालाय. जरा गंमत केली तर फुगून बसला.”

“कसली गंमत?”

“मोठ्यांची. तुम्ही घरी जा आता, पाऊस येतोय.”

“आणि सॉसेज?” आर्लो म्हणाला.

“घरी खा.” काकाने अंगठा दाबला. व्हर्न एरवी प्रत्येक मुलाच्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघायचे. आज मात्र ते झाडांकडे बघत त्याच्या मागून गेले.

वेंडलने हेल्मेटची काच वर केली. गाडी चालवण्याच्या सुरक्षेच्या वर्गात तो पहिला आला होता आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

“मागनं येतोय म्हणाले. मग मूठ कशाला दाखवली?”

“सवयीनं,” आर्लो म्हणाला.

“सवयीनंच. म्हणजे विचार न करता. म्हणजे खरं.”

“वेंडल, तू म्हातारा होऊनच जन्मलास का रे?”

सिग्ने मात्र हसली नाही. ती जमिनीकडे बघत होती. काकाच्या चाकांवरून गळालेला चिखल वाटेवर पडला होता. काळाकुट्ट, कुजक्या पानांच्या वासाचा. त्या भागात सगळी माती लाल. काळी फक्त टॅमरॅकच्या झाडांच्या दलदलीत. तिथली ओंडके आडवे टाकून केलेली जुनी वाट सडली होती, म्हणून वनखात्याने ती वसंतात बंद केली होती. ‘बंद’ अशी पाटी खुद्द व्हर्ननीच ठोकली होती. तिथे कुणी सापडलं तर क्लबला सगळ्याच वाटा गमवाव्या लागणार होत्या.

“ते दलदलीत गेले होते,” सिग्ने म्हणाली. “बाबा अजून तिथंच आहेत.”

पण दलदलीचा फाटा पुढे, निवाऱ्याच्या बाजूला होता, आणि काका मागे, घराच्या वाटेवरच्या वळणावर गाडी थांबवून उभा होता. पोरं खरोखर घरी जातात की नाही ते बघायला.

“काका, आम्ही निवाऱ्यापलीकडच्या पंपावरनं येतो,” वेंडल त्याच्याजवळ जाऊन म्हणाला. “माझं पेट्रोल संपत आलंय.”

“मग तिघं कशाला?”

“आर्लोचं पोट बिघडलंय,” सिग्ने झटकन म्हणाली. “पंपावर संडास आहे. काल रात्री दोन वाट्या राजमा खाल्ला त्यानं. तू थांबतोस का जवळ?”

काका खदाखदा हसला. “नको बाबा. जा, जा लवकर.” त्याने हात झटकला आणि व्हर्नना घेऊन निघून गेला.

“माझंच पोट का?” आर्लो धुमसत म्हणाला.

“कारण तुझ्याबद्दल कुणालाही पटतं,” वेंडल म्हणाला.

वाट अडवायला फाट्यावर लावलेली साखळी सोडून बाजूला टाकलेली होती. आत शिरताच उजेड कमी झाला आणि पाऊस सुरू झाला. चाकांखाली ओंडके बुळबुळीत झाले होते. थोडं आत गेल्यावर सिग्नेने गाडी बंद केली आणि बाकीच्यांनाही करायला लावली.

“बाबा!”

पानांवर पाऊस वाजत होता, बाकी काही नाही. मग आर्लोने नाक वर केलं. “पेट्रोलचा वास येतोय.”

बीव्हर प्राण्यांनी लाकडांचा बांध घालून पाणी अडवलं होतं तिथे बाबांची गाडी चाकं वर करून पडली होती. बाबा तिच्याखाली होते. एक पाय पूर्ण अडकलेला, छातीपर्यंत पाणी, ओठ निळे. डोकं वर राहावं म्हणून त्यांनी एका मुळाला धरलं होतं, आणि बोटं आता सुटत आली होती.

“ओढू नका मला,” ते पुटपुटले. “आधी गाडी.”

सिग्ने पाण्यात उतरली आणि बाबांचं डोकं तिने आपल्या खांद्यावर घेतलं. वेंडलने आपल्या गाडीवरचा दोर सोडला. तोंडाने तो वर्गात शिकवलेलं म्हणत होता. “दोर चौकटीला बांधायचा, हँडलला नाही. सगळ्यात खालचा गिअर. धक्का द्यायचा नाही.” आर्लोने पॉपलरचा एक वाळका वासा शोधून आणला आणि गाडीखाली घुसवला. वेंडलने अंगठा दाबला. दोर ताणला, चाकं घसरली, पुन्हा रुतली. आर्लो सगळं अंग टाकून वाशावर लटकला.

गाडी हातभर उचलली गेली. सिग्नेने बाबांना काखेत धरून मागे खेचलं. तेव्हा बाबा जे ओरडले, ते आर्लोला कित्येक वर्षं झोपेत ऐकू येत राहिलं.

वेंडल रस्त्यावरच्या पहिल्या शेतघरातून फोन करायला पळाला. दोघा भावंडांनी आपली जाकिटं बाबांवर घातली आणि ती त्यांना दोन्ही बाजूंनी चिकटून बसली.

“गॉर्डीनं पाठवलं ना तुम्हाला?” बाबांनी विचारलं. त्यांचे दात वाजत होते.

आर्लोने तोंड उघडलं. सिग्नेने त्याचा हात घट्ट दाबला.

“पाठवणारच,” बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

रुग्णवाहिका आली, गावातल्या माणसांनी स्ट्रेचर खांद्यावर घेऊन दलदल पार केली. मुलं जरा उशिरा पोचली असती तर पायाचं सोडाच, माणूसही हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. शेरीफच्या माणसाने तिघांशी हात मिळवला. आणि बाबा, शुद्धीवर आल्यापासून, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, “माझ्या भावानं पोरांना पाठवलं म्हणून वाचलो.”

काकाने ते कधी खोडलं नाही. सुरुवातीला तो खाली बघायचा. नंतर मान डोलावू लागला.

ऑक्टोबरमध्ये, पानं झडून गेल्यावर, क्लबच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण झालं. बाबा कुबड्यांवर आले होते. व्हर्ननी माईक हातात घेतला आणि तिघांना नवी हेल्मेट दिली. “अशी शूर आणि शहाणी मुलं या काउंटीत दुसरी नाहीत,” ते म्हणाले. “आणि वेळीच धोका ओळखून ज्यानं त्यांना पाठवलं, त्या गॉर्डीसाठीही टाळ्या.”

टाळ्या पडल्या. टेबलाखाली सिग्नेने आर्लोचा गुडघा धरला. या वेळी त्याने तिचा हात बाजूला केला.

“काकानं नाही पाठवलं,” तो उभा राहून म्हणाला. “काका म्हणाला, घरी जा. आम्ही त्याला फसवून गेलो.”

बाबांनी काटा ताटात ठेवला.

“गॉर्डी?”

“अरे, तुझी गाडी सुरू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगची टोपी तर काढली होती,” काका म्हणाला. “दुसरं काय केलं? चेष्टा होती. वाटलं, लावून येशील मागनं.”

“लावली. तुला गाठायला जोरात आलो आणि उलटलो. मग हाका मारल्या.”

“इंजिनाच्या आवाजात मला कुठं...”

“तुझं इंजिन बंद झालं होतं.” बाबा हळू बोलत होते, जणू त्यांचं त्यांनाच आत्ता कळत होतं. “मी ऐकलं. मी हाका मारत होतो आणि तू थांबून ऐकत होतास. मग इंजिन सुरू झालं. मला वाटलं, ऐकलंस म्हणूनच मदत आणायला गेलास. त्या आशेवरच तर ते मूळ धरून राहिलो मी.”

काकाचं तोंड लाल झालं. “मला वाटलं, शिव्या घालतोयस.”

“तुझं नाव घेत होतो.”

व्हर्ननी माईक टेबलावर ठेवला. पाटी कुणी ठोकली होती आणि साखळी कुणी सोडली, ते त्यांना कुणी विचारलं नाही. पण त्या रात्रीनंतर ते अध्यक्ष राहिले नाहीत.

बाबा कुबड्या सावरत उठले. काका धावत पुढे गेला आणि त्याने दार उघडून धरलं. बाबा तिथेच उभे राहिले. काकाने दार सोडून बाजूला होईपर्यंत ते उभे राहिले आणि मग खांद्याने दार ढकलून बाहेर पडले.

बाहेर एक-दोन म्हातारी माणसं मुलांच्या पाठीवर थाप मारून गेली. “गुणी पोरं आहेत, एइनार.” बाबांनी मान हलवली.

आईने पिकअप सुरू केला. वेंडल नवं हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. त्याला त्याच्या घरी उतरवलं. मग आर्लोने विचारलं, “मी बोलायला नको होतं का?”

“बरोबर बोललास,” बाबा म्हणाले. ते खिडकीतून बाहेर बघत होते. “मला ऐकायचं नव्हतं, एवढंच.”