गार लागतंय का?

घोट्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते, आणि सुधीररावांना मुळीच दुखत नव्हतं. गुडघ्यामागे बसवलेल्या बारीक नळीतून भुलीचं औषध सारखं आत जात होतं. गुडघ्याखालचा उजवा पाय जणू त्यांचा नव्हताच. तरी पहाटेपासून कुणीतरी त्यांची टाच धरून बसलं होतं. त्यानं ते पार वैतागले होते.

"मंदा, चेपू नकोस म्हटलं ना!"

मंदाकिनीबाई खिडकीपाशी मोसंबं सोलत होत्या. "अहो, मी इथे आहे. आणि टाच प्लास्टरच्या आत आहे तुमची. तिथे हात कसा घालू?"

खरंच होतं ते. पण सुधीररावांना त्या हाताची पाचही बोटं वेगवेगळी कळत होती. डोंबिवलीच्या घरी जिन्यात पडले तेव्हाही ते हेच ओरडले होते, मागून कुणीतरी टाच धरली म्हणून. मंदाकिनीबाईंनी सगळा दोष झिजलेल्या चपलांना देऊन विषय संपवला. साठी उलटली की माणसाचं कुणी ऐकूनच घेत नाही!

अकरा वाजता भुलीच्या डॉक्टर क्षिप्रा आल्या, हातमोज्यात बर्फ बांधून. रोज त्या आधी चांगल्या पायाला तो लावत आणि मग ऑपरेशनच्या.

"डावीकडे गार लागतंय?"

"लागतंय."

"आणि या उजव्या बोटांना?"

"काही नाही. पण आत हात आहे, डॉक्टर..."

"काका, बधिर पायाचे असे भास होतात. औषध बंद करते. दुखेल, पण भास जाईल. उद्या घरी."

"दुखू दे! एकदाचं दुखू दे!"

पाचच्या सुमारास घोटा असा ठणकायला लागला की डोळ्यांत पाणी आलं. आणि टाचेवरची पकड सुटली. सुधीरराव कण्हता कण्हता हसले. लिफ्ट नसलेले दोन मजले उचलून न्यावं लागलं तरी चालेल, पण उद्या घर!

डॉक्टर पुन्हा बर्फ घेऊन आल्या. घाईत होत्या, म्हणून थेट उजव्या पायापासूनच सुरुवात केली.

"गार?"

"गार! आणि ठणका विचारू नका."

"छान. आता डावा."

सुधीरराव थांबले. बराच वेळ थांबले. शेवटी वैतागून म्हणाले, "अहो, लावा ना!"

मंदाकिनीबाईंच्या हातातली मोसंब्याची फोड तशीच राहिली.

"लावलाय, काका..." डॉक्टर हळूच म्हणाल्या. "केव्हाचा."

वितळलेलं पाणी डाव्या टाचेवरून चादरीत मुरत होतं. सुधीररावांना ते लागत नव्हतं. लागत होती ती फक्त टाचेभोवती आवळलेली पाच बोटं.