धरलेली खुर्ची

सोफ्या-खुर्च्यांच्या गाद्या भरण्यात माझा उभा जन्म गेला आणि त्यातून मी एवढंच शिकलो, की माणूस खोटं बोलेल, त्याची बसायची जागा बोलणार नाही. गादीतला खड्डा दाखवा, मी सांगतो घरात हुकूम कुणाचा चालतो, रुसून कोपरा कोण धरतं आणि पाहुणा नको असला की पुढे सरकून कोण बसतं. एकदा एका वकिलाच्या सोफ्यावरून नुसता हात फिरवून मी म्हणालो होतो, इथे रोज दुपारी कुणीतरी चोरून झोपतं. तो त्यांचा कुत्रा निघाला. बायको म्हणते मांजर होतं. माझ्या प्रत्येक गोष्टीतून निम्मं वजा करायचं, हे व्रत तिने लग्नापासून पाळलंय.

माझा स्वतःचा खड्डाही ऐकून ठेवा. तरुणपणी शिडीवरून पडलो, तेव्हापासून मी सगळा भार उजव्या बाजूवर टाकून बसतो. आमच्या घरातली एकूण एक खुर्ची उजवीकडे खचलेली आहे. सोफ्यावर माझ्या शेजारी कुणी बसलं की हळूहळू माझ्याच अंगावर घरंगळतं. लग्न टिकलं ते त्यामुळेच, असं बायकोचं म्हणणं.

तर, लेकीचे दिवस भरत आले होते. ती राहते समुद्रापार, विमानाने एक अख्खा दिवस जातो. जावयाने आम्हा दोघांना पहिल्या वर्गाची तिकिटं पाठवली. आई वेळेवर पोचली पाहिजे, एवढंच लेक फोनवर सारखं म्हणत होती. पहिल्या खेपेला तिचं मूल वाचलं नव्हतं, तेव्हा आई जवळ नव्हती. या वेळी बायकोने महिनाभर आधी बॅग भरून दारात ठेवली आणि एक पिवळी टोपी विणायला घेतली. टोपी प्रवासात पुरी करायची, पोचल्यावर बाळाच्या डोक्यावर घालायची, असा तिचा पण.

विमानतळावर आम्ही सकाळी पोचलो. पहिल्या वर्गाला रांग नसते, हे बायकोला काही पटेना.

"रांग नाही म्हणजे काहीतरी चुकलंय," ती म्हणाली आणि कुणीच नसलेल्या दोरीमागे जाऊन उभी राहिली. तिकडून सामान घेणारा कारकून उठून आला, आम्हाला मेजापाशी नेलं, बसायला खुर्च्या दिल्या. खुर्च्या बऱ्या होत्या, फक्त अस्तर स्वस्तातलं.

"या बॅगेला सुतळी बांधलीय," तो अदबीने म्हणाला.

"असू दे," बायको म्हणाली. "सगळ्या बॅगा सारख्याच दिसतात. तिकडे गेल्यावर माझी ही मला हाक मारेल."

तो हसला. बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या. पास देताना त्याने सांगितलं, "लाउंजमध्ये घोषणा होत नाहीत. विमान तयार झालं की आमची माणसं खुर्चीपाशी येऊन बोलावतात. हवं तिथे बसा, पण एकदा बसलात की जागा बदलू नका. बोलावणाऱ्यांचा घोटाळा होतो."

सरळ व्यवहाराची गोष्ट होती. मी दोन्ही पास कोटाच्या खिशात टाकले.

लाउंजचं दार मागे मिटलं आणि बाहेरचा सगळा गलका सुरीने कापावा तसा तुटला. पायाखाली घोटा बुडेल असा गालिचा. एका बाजूला भिंतभर काच, काचेपलीकडे उन्हात चकाकणारी विमानं, आवाज न करता सरकणारी. भाजलेल्या कॉफीचा वास. माणसं मोजकीच. एक गृहस्थ वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते, श्वासागणिक कागद वरखाली होत होता. आणि खुर्च्या! खरं कातडं, आतून हाताने घातलेली शिवण, एक टाका इकडचा तिकडे नाही. मी दोनतीन खुर्च्यांना हात लावून बघितला तेव्हा बायकोने मला चिमटा काढला.

"तुम्हाला बसायला बोलावलंय, तपासायला नाही."

काचेजवळ एकमेकींशेजारी दोन खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीच्या बैठकीवर पांढरंशुभ्र कापड होतं, चार घड्यांचं.

बायको थबकली. तुम्हाला सांगतो, जागा धरण्यात माझ्या बायकोचा हात धरणारं कुणी नाही. चालत्या गाडीच्या खिडकीतून तिने फेकलेला रुमाल नेमका बाकावर पडतो, आणि दुसऱ्याच्या रुमालाला हात लावणं म्हणजे तिच्या लेखी चोरीच.

"अहो, जागा धरलीय कुणीतरी."

"इथे कोण कशाला जागा धरतंय? अर्धी खोली रिकामी आहे. डोकं टेकायच्या जागी घालतात ते कापड आहे, घसरून खाली आलंय. माझा धंदा आहे हा."

धंद्याचं नाव निघालं की ती वाद घालत नाही. मी कापड उचलून बाजूच्या टेबलावर ठेवलं. ते जरासं कोमट होतं. ऊन येतंय, मी म्हटलं.

मग बैठक दिसली. कातडं कोरं होतं, दुकानातून कालच आणल्यासारखं. खड्डा मात्र जुना होता. मागचा भाग फुगीर, कधी कुणी टेकलंच नसावं असा, आणि पुढच्या कडेला अरुंद, खोल दबलेली खाच. कुणीतरी बारीक चणीचं, गुडघे जुळवून, कडेवर बसत आलं होतं. वर्षानुवर्षं. हाक आली की उठायच्या बेतात. कोऱ्या खुर्चीला असा खड्डा पडत नाही. आतली भरण जुनी वापरली असेल, असं मी मनाशी ठरवलं आणि शेजारच्या खुर्चीत उजवीकडे कलून बसलो.

बायको बसते म्हणजे पसरते. एक पाय दुमडून वर, मांडीवर पिशवी, खुर्चीच्या दोन्ही हातांवर दोन कोपरं. तशी ती बसली आणि सुया काढून विणायला लागली.

लाउंज सांभाळणारी करड्या कोटातली बाई आली. न विचारता तिने बायकोपुढे गरम पाण्याचा पेला ठेवला.

"नेहमीचं," ती म्हणाली.

बायको हसली. "नेहमीचं काय? मला चहा द्या बाई, दूध घालून, दोन चमचे साखर."

करड्या कोटातली बाईही हसली आणि गेली. चहा काही आला नाही. तेव्हा मीच उठलो, पलीकडच्या लांब मेजावरून चहा केला आणि बिस्किटं घेऊन परत आलो. पेल्यातलं पाणी निम्मं झालं होतं. बायकोचा दुमडलेला पाय खाली होता.

"पायाला मुंग्या आल्या?"

"नाही. असंच बरं वाटतंय."

चहावर साय धरली. तिने कपाला हात लावला नाही. मी तिला वकिलाच्या सोफ्याची गोष्ट पुन्हा सांगितली, मुद्दाम कुत्र्याचा वाघ करून. ती शांतपणे ऐकत राहिली. तिने काहीच वजा केलं नाही.

थोड्या वेळाने मी बघितलं तर ती पुढे सरकली होती. कडेवर. गुडघे जुळलेले, पाठ ताठ, पिशवी खाली गालिच्यावर. माझी बायको चांगली भरलेल्या अंगाची आहे. त्या अरुंद खाचेत ती मावत होती.

करडी बाई पुन्हा आली, तिच्यापाशी वाकली. "अजून आल्या नाहीत. आल्या की लगेच सांगते."

"सावकाश," बायको म्हणाली. "मला घाई नाही."

"कोण आलं नाही?" मी विचारलं.

दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालणाऱ्याकडे बघावं तसं करड्या बाईने माझ्याकडे बघितलं. "बाईंच्या सोबतीच्या."

"हिच्या सोबतीला मी आहे."

ती हसली आणि निघून गेली. काचेपलीकडे एक विमान वळलं, त्याची सावली आमच्या पायांवरून सरकली. मी खाली पडलेलं विणकाम उचललं. टोपीच्या कडेचे चार टाके सुईवरून निसटले होते. हे तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

"टाके सुटलेत बघ. उचल लवकर, नाहीतर लेक म्हणेल आईने फाटकी टोपी आणली."

तिने टोपी हातात घेतली, बोट फिरवून बघितली.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणासाठी?"

मी हसलो. तिची थट्टा करायची तऱ्हा मला ठाऊक आहे, आधी डोळे हसतात. मी डोळ्यांकडे बघितलं. ते दाराकडे लागले होते.

तेवढ्यात बोलावणं आलं. करडी बाई माझ्या खुर्चीपाशी उभी राहिली. "आपलं विमान तयार आहे. चलावं."

"चल गं," मी म्हटलं.

"बाईंचं बोलावणं वेगळं आहे."

मी खिशातून दोन्ही पास काढून तिच्यापुढे धरले. शेजारशेजारच्या जागा. तिने ते नीट वाचले. "पास बरोबर आहेत," ती म्हणाली. "पण यांनी इथली जागा धरलेली आहे."

मी बायकोचा दंड धरला. हात हलका लागला, पिसासारखा. उठत मात्र नव्हता.

"अगं, लेक वाट बघतेय."

तिने माझ्याकडे तोंड केलं. फार सभ्यपणे, प्रवासात भेटलेल्या माणसाकडे करावं तसं.

"आपण निघा," ती म्हणाली. "ओळख झाली, बरं वाटलं."

माझी बायको मला जन्मात 'आपण' म्हणालेली नाही.

टेबलावर मी कापड ठेवलं होतं, ते तिथे नव्हतं. तिच्या मांडीवर होतं, चार घड्यांचं, दोन्ही तळव्यांखाली. आणि आता मला दिसलं की ते डोकं टेकायचं कापड नव्हतंच. कडेला बारीक दुमड होती. रुमाल होता.

जागा धरायचे कायदे मला बायकोनेच शिकवलेत. धरलेल्या जागेशी हुज्जत चालत नाही. तिथे दुसरा रुमाल पडावा लागतो.

ती कडेवर बसली होती. तिच्या मागे अर्धी बैठक रिकामी होती.

मी माझा रुमाल काढला. मोठा, चौकड्यांचा, कोपऱ्यावर सरसाचे डाग असलेला. तिच्या पाठीमागे टाकला आणि थापटून बसवला.

"ही जागा मी धरली," मी म्हणालो, चांगलं खणखणीत.

झोपलेल्या गृहस्थांच्या तोंडावरचा कागद हलायचा थांबला.

करड्या बाईने रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आपण? नक्की?"

"नक्की."

"ठीक आहे."

"अहो, ओरडताय काय सगळ्यांच्या देखत?" बायको म्हणाली. "आणि माझा चहा कुठाय? हा कसला, गार पाणी झालाय." ती कण्हत उठली. कंबर आखडली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या, टोपीचे टाके कुणी सोडले म्हणून मलाच बोलणी बसली. असली गोड बोलणी मी आयुष्यात खाल्ली नव्हती.

पांढरा रुमाल कुठेच नव्हता. मी माझा उचलायला वाकलो, तर करड्या बाईचा हात आधीच त्यावर होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "आम्ही सांभाळू."

एका रुमालासाठी कोण विमान चुकवतो? आम्ही गेलो. विमानात पाय पसरून झोपायच्या जागा होत्या, भरणही उत्तम. बायकोने समुद्रावरच टोपी पुरी केली. आम्ही पोचलो त्याच आठवड्यात नात झाली, सुखरूप. आई लेकीचा हात धरून शेवटपर्यंत तिथेच होती. टोपी एवढी मोठी झाली की नातीच्या नाकापर्यंत आली.

लाउंजमधलं बायकोला काही आठवत नाही. तुमचा डोळा लागला होता, म्हणते. एरवी निम्मं वजा करते, या गोष्टीतून सगळंच करते. मीही म्हटलं, करू दे. डाव आपण जिंकलोय.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला जावयाने पुन्हा तिकिटं धाडली. तोच विमानतळ, तोच अदबशीर कारकून, बॅगेला तीच सुतळी. लाउंजच्या दाराशी मी हातपाय धुवायला थांबलो, बायको पुढे गेली. मी आत आलो तेव्हा ती चहाचे दोन कप घेऊन काचेजवळ उभी होती आणि इकडेतिकडे बघत होती.

"अहो, हे काय? आत्ता तर इथे बसला होतात. मी चहा आणायला वळले तर उठून गेलात?"

त्या खुर्चीवर माझा रुमाल होता. धुतलेला, इस्त्री केलेला, चार घड्यांचा. सरसाचे डाग तेवढे गेले नव्हते.

मी त्या खुर्चीत कधी बसलेलो नाही. वाकून मी बैठकीवर तळहात ठेवला. कातडं अजून कोरं होतं. पुढच्या कडेची खाच भरून आली होती. आता खड्डा मध्यावर होता, रुंद, ऐसपैस, वर्षानुवर्षांचा, उजवीकडे जास्त खोल. आणि ऊबदार.