चुण्यांच्या आतला रंग

"परत आला! हाही परत आला!" शेजारचा टेजे धापा टाकत व्हरांड्यात शिरला आणि हातातला शाळेच्या गणवेशाचा निळा, चुण्यांचा ट्युनिक त्याने केझायाच्या मांडीवर टाकला. "ताईचा. मिस पिनॉक म्हणाल्या, रंग चुकलाय. हा घालून आली तर गेटातून आत घेणार नाही!"

शिलाई मशीनवर बसलेल्या केझायाच्या व्हर्ना मावशीने मान वर केली नाही. गावातल्या निम्म्या मुलींचे ट्युनिक तीच शिवायची. ब्रेडनट हिल शाळेचे नियम कडक. झगा गुडघ्याखाली, केसांना ठरलेलीच रिबीन, आणि रंगात तर काडीचाही फरक चालायचा नाही. आठवडाभर एकेक ट्युनिक परत येत होता आणि गावच्या दुकानात कुजबुज सुरू झाली होती : व्हर्ना हलकं कापड वापरते! बायका आपापलं शिवण उचलून दुसरीकडे नेऊ लागल्या. मावशीचा चेहरा बघून केझायाला रडूच फुटलं.

"कापड गेल्या वर्षीचंच, दुकानही तेच!" केझाया म्हणाली.

"मग चुकतंय ते कशाशी ताडून?" तिचा चुलतभाऊ ओडेन गिनेपच्या फळाची बी थुंकत म्हणाला.

"शाळेतल्या नमुन्याशी."

"मग चला, त्या नमुन्याचंच तोंड बघू!"

सुट्टी असली तरी शाळेच्या व्हरांड्यात मुख्याध्यापिका मिस पिनॉक टेबल मांडून नवे गणवेश तपासत होत्या. समोर आयांची रांग, शेजारी काचेच्या कपाटात नमुन्याचा ट्युनिक. दुपारचं ऊन थेट त्याच्यावर येत होतं.

"आजीचे पडदे असेच विटले होते," ओडेन पुटपुटला.

केझाया एकदम थबकली. "अरे, नमुनाच विटलाय!"

"सांग मिसना! कान धरून बाहेर काढतील."

"सांगायचं कशाला? दाखवू या!"

ती अदबीने पुढे झाली. "गुड आफ्टरनून, मिस. नमुन्याच्या चुण्या पार बसल्यात. शिवणवर्गातली इस्त्री आणून कडक करून देऊ?"

मिसना चुण्या सुरीच्या धारेसारख्या कडक लागत. "कर. पण इथे, माझ्यासमोर!"

"आधी चुण्या उलगडाव्या लागतील, मिस."

"मग उलगड की! विचारतेस काय?"

केझायाने नमुना कपाटातून काढून टेबलावर ठेवला आणि एकेक चुणी उलगडली. एक पट्टा फिकट, एक गडद निळा, पुन्हा फिकट, पुन्हा गडद! ऊन न लागलेल्या आतल्या पट्ट्यावर तिने सोबत आणलेला, मावशीने शिवलेला ट्युनिक ठेवला. रंग अगदी तोच!

रांगेतल्या आया पुढे वाकल्या. मिसनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"हा उन्हात टांगला कुणी?"

"तुम्हीच, मिस!" टेजे बोलून गेला. ओडेनने त्याला कोपर मारलं.

मिस उठल्या आणि छत्री उघडून थेट मावशीच्या घरी निघाल्या. मागोमाग पोरं, त्यांच्यामागे सगळ्या आया.

"व्हर्ना, चूक माझी," व्हरांड्यात उभ्या राहून त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तुझं कापड चोख आहे. आणि ही पोरगी! माझ्याच हुकमाने मला खोटं पाडलं. हुशार आहे हो!"

"आहेच," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. "पण मिस, ज्यांचे ट्युनिक तुम्ही परत पाठवलेत, त्या घरांतही हेच सांगायला हवं. आणि दुकानातही."

मिस पिनॉकना असं कुणी कधी सुनावलं नव्हतं.

मग मिसनी छत्री पुन्हा उघडली. "चल केझाया, घरं दाखव. आधी दुकानात जाऊ."