भोळे जंत

कुंपणाच्या फाटकाला दोन कुलपं होती आणि दोन्ही बाहेरच्या बाजूने. आत अकरा मेंढ्या, बिरोबाला सोडलेला एक मेंढा आणि धुळा कोळेकर नवरा-बायको. ज्याच्या बापजाद्यांनी दिवाळी सरली की कोकणची वाट धरली, तो धुळा सहा वर्षं एकाच माळावर गोल फिरत होता. बाहेरून भावाचा कळप गेला की त्याला रडू यायचं.

भानगड जंतांची होती. मेंढ्यांच्या पोटात दोन तऱ्हेचे जंत असतात. औषधाने मरतात ते भोळे. औषध पिऊन ढेकर देतात ते निगरगट्ट. कळपातल्या काही मेंढ्या बिनऔषधाच्या ठेवा, म्हणजे भोळे टिकतील, निगरगट्टांशी त्यांचा संकर होईल आणि पुढची पिलावळ औषधाला बधेल, असं शास्त्रज्ञांनी घसा कोरडा करून सांगितलं होतं. पण पंगतीत बसवून एकाला उपाशी उठवणं धनगरांना जमेना. त्यांनी सगळ्यांना पाजलं. भोळे संपले आणि कळपच्या कळप रक्त आटून मेले.

देवाच्या जनावराला औषध लावायचं नाही, हा धुळाच्या घरचा नेम. म्हणून शेवटचे भोळे जंत त्याच्या मेंढ्याच्या पोटात सापडले, आणि बाहेरचं जनावर त्यात मिसळू नये म्हणून सरकारने सगळ्यांना कुंपणात कोंडलं. त्याच्या लेंड्यांतून जंत वाढवून कुरणांवर पेरले जात, आणि तिथे हंगामभर औषध पुन्हा लागू पडे.

तो मेंढा आज सकाळी मेला.

मेंढ्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी डॉक्टर केतकी शेवडे यांनी एकेका मेंढीची पापणी उलटून पाहिली. पांढरीफटक. तपासणीचे कागद त्यांच्या हातात होते.

“आप्पा, बाहेरचं जनावर आत घेतलं होतंत?”

धुळाने मान खाली घातली. “भावाची मेंढी लंगडत हुती. कुंपणावरनं उचलून घेतली. वाटंवर टाकून दिऊ व्हय, बाई?”

“तिच्याबरोबर निगरगट्ट आत आले. आता या अकराही मेंढ्यांत तेच आहेत.”

“त्ये ऱ्हाऊ द्या. आदी हिला बगा.” बाजेवर त्याची बायको ठकूबाई पडली होती. “म्हैना झाला, उठली की अंधारी येतिया.”

केतकीबाईंनी तिचीही पापणी ओढून पाहिली. मेंढा बांधायच्या कोपऱ्यात लावलेली कांद्याची पात ठकूबाई कच्चीच खायची. पातीला चिकटलेली त्याच्याच जंतांची पिल्लं तिच्या पोटात रुजली होती. एरवी माणसात असं क्वचितच होतं.

“जंतच आहेत,” त्या म्हणाल्या. “भोळे. एका गोळीत मरतील.”

“मग द्या की!”

त्यांनी पेटी उघडली. गोळी हातात घेतली. मग परत पेटीत ठेवली.

“हे मेले की कुठेच उरणार नाहीत, आप्पा. लाखो मेंढ्या जातील. तुमच्या भावाच्यासुद्धा. हे जंत ठेवायला एखादी बिनजंताची स्वच्छ मेंढी मिळेपर्यंत थोडं थांबावं लागेल.”

“कुटं हाय तसली मेंढी?”

“आम्ही शोधतोय.” त्यांना त्याच्याकडे बघवेना.

धुळा फाटकाकडे धावला. फाटक हलवून हलवून हात सोलले, तेव्हा परत आला. केतकीबाई मेलेल्या मेंढ्याच्या कानातला पिवळा बिल्ला सोडवत होत्या. डोळे पुसून त्यांनी तो दोऱ्यात ओवला आणि ठकूबाईच्या मनगटाला बांधला.

ठकूबाई बिल्ला उलटसुलट करून पाहत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, “मला देवाला सोडली व्हय रं यांनी?”